बलाढ्य संघाशी हरल्यानंतरचे गणित

आपला संघ हरला की दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी प्रत्येक जण प्रशिक्षक होतो. "उगाच बचावात्मक खेळले", "सरळ भिडायला हवे होते" वगैरे. तुम्हीही कधीतरी हे म्हटले असेल. आज ही तक्रार गणितावर घासून पाहू.

उदाहरण 1 जुलै 2014 चे. ब्राझीलमधील साल्वादोर येथे, वर्ल्डकपच्या बाद फेरीत अमेरिकेची गाठ बेल्जियमशी होती. बेल्जियम उघडच सरस. तरी 90 मिनिटांनंतर गोलफलक 0-0 होता. जादा वेळेत डी ब्रॉयना आणि लुकाकू यांनी गोल केले, ज्युलियन ग्रीनने एक परत केला आणि अमेरिका 1-2 अशी हरली. मग डावपेच चुकले का?

समजा, तगडा संघ सामन्यात सरासरी 2 गोल करतो आणि दुबळा संघ 1. सॉकरमध्ये गोल क्वचित आणि बरेचसे अवचित होतात. अशा घटनांसाठी सिमेऑं पॉयसाँ या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाचे सूत्र वापरतात. सरासरी दिली की ते 0, 1, 2, 3 गोल होण्याची शक्यता सांगते. दोन्ही संघांचे गोल एकमेकांवर अवलंबून नाहीत असे मानून हिशेब केला, तर दुबळा संघ जिंकण्याची शक्यता सुमारे 18 टक्के, बरोबरीची 21 आणि हरण्याची 61.

आता दुबळ्या संघाने खेळ मंदावला असे समजू. दोघांच्याही संधी निम्म्या झाल्या, म्हणजे सरासरी 1 आणि अर्धा गोल. ताकदीचे प्रमाण तेच, 2:1. आता जिंकण्याची शक्यता? तीच, 18 टक्के! पण बरोबरी 21 वरून 35 टक्क्यांवर जाते आणि पराभव 61 वरून 47 वर येतो. बाद फेरीत ही बरोबरी मोलाची असते. सामना पेनल्टींपर्यंत ओढता आला, तर तिथे दोन संघांतील अंतर फारसे उरत नाही.

कारण सोपे आहे. संधी जितक्या जास्त, तितकी ताकद दिसून येते. संधी कमी असल्या की नशिबाचा वाटा वाढतो. क्रिकेटमध्येही हेच घडते. 6 जून 2024 रोजी डॅलसजवळ अमेरिकेने पाकिस्तानची 159 धावांची बरोबरी केली आणि सामना सुपर ओव्हरमध्ये गेला. तिथे मुंबईकर सौरभ नेत्रावळकरने 18 धावा राखल्या. पाच दिवसांच्या कसोटीत असा निकाल लागणे फार कठीण. सहा चेंडूंत मात्र काहीही होऊ शकते.

पण एक गोल खाल्ल्यावर हिशेब उलटतो. अर्धा सामना उरला आहे आणि तुम्ही 0-1 ने मागे आहात. आता किमान बरोबरीसाठी उरलेल्या वेळात समोरच्यापेक्षा एक तरी गोल जास्त हवा. मंद खेळात त्याची शक्यता सुमारे 14 टक्के, मोकळ्या खेळात 18. मोकळे खेळल्याने मोठ्या फरकाने हरण्याचा धोका वाढतो, पण बाद फेरीत 0-1 काय आणि 0-4 काय, घरीच जायचे असते!

आता साल्वादोरकडे परत. बरोबरी असताना सावध खेळणे आणि दोन गोल खाल्ल्यावर तुटून पडणे, दोन्ही गणिताला धरूनच होते. 90 मिनिटांनंतरच्या वाढीव वेळेत वोंडोलोव्स्कीने गोलासमोरून मारलेला फटका वर गेला नसता, तर त्याच डावपेचांची आज वाहवा झाली असती.

उणीव दुसरीकडे होती. गोलरक्षक टिम हॉवर्डने त्या दिवशी 15-16 फटके अडवले. (नेमका आकडा नंतरच्या मोजणीत बदलला.) म्हणजे बेल्जियमच्या संधी निम्म्या झाल्याच नव्हत्या, त्या हॉवर्डच्या हातांवर येऊन थांबत होत्या. स्वतःच्या गोलासमोर गर्दी करणे म्हणजे खेळ मंदावणे नव्हे. चेंडू मिळताच लांब भिरकावला तर तो पुन्हा समोरच्याकडे जातो आणि नवे आक्रमण सुरू होते. खेळ मंदावायचा तर चेंडू आपल्या पायाशी ठेवायला हवा. दुबळ्या संघाला नेमके तेच सर्वांत अवघड जाते.

म्हणून पुढच्या वेळी आपला संघ बलाढ्य संघाशी खेळेल तेव्हा गोलफलकाबरोबर दोन गोष्टी मोजा: बरोबरी असेपर्यंत समोरच्याला गोलावर किती फटके मिळाले, आणि चेंडू आल्यावर आपण किती पास टिकवले. फटके मोजके असूनही हरलात, तर प्रशिक्षकाला शिव्या देऊ नका. 47 टक्क्यांत सापडलात इतकेच. फटके पंधरा असतील, तर तक्रार खुशाल करा. पण "बचाव का केला" अशी नको, "चेंडू का टिकवला नाही" अशी करा.