सुईचे टोक दिसेपर्यंत

सोनोग्राफीवर पाहत मानेतल्या मोठ्या शिरेत नळी घालणे, म्हणजेच ‘सेंट्रल लाइन’ टाकणे, हे अतिदक्षता विभागातले नित्याचे काम आहे. ही जुग्युलर शीर त्वचेखाली फार खोल नसते, पण कॅरोटिड धमनी तिला अगदी खेटून असते. सुई जरा चुकली की धमनीला भोक पडते. खाली छातीच्या दिशेने गेली तर फुप्फुसाला इजा होऊ शकते. पूर्वी मानेचे स्नायू आणि गळपट्टीचे हाड यांच्या खुणांवरून अंदाजाने सुई टोचत. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००२ मध्ये या कामासाठी सोनोग्राफीची शिफारस केली.

पडद्यावर शीर ओळखणे अवघड नाही. प्रोबने हलका दाब दिला की शीर चपटी होते, धमनी मात्र गोल राहून उडत असते. खरी अडचण सुईची. ध्वनिलहरींचा पट्टा जेमतेम एखाद-दोन मिलिमीटर जाड असतो. सुईने तो आडवा छेदला तर पडद्यावर फक्त एक पांढरा ठिपका उमटतो, आणि तो टोकाचा की मधल्या भागाचा, हे नुसते पाहून कळत नाही. शिरेत ठिपका दिसला म्हणून नवखा डॉक्टर निश्चिंत होतो, तेव्हा टोक शिरेची मागची भिंत भेदून धमनीपर्यंत गेलेले असू शकते. म्हणून प्रोब ठिपका नाहीसा होईपर्यंत पुढे सरकवायचा, मग ठिपका पुन्हा उगवेल इतकीच सुई पुढे न्यायची, आणि असे करत करत शिरेत पोचायचे. सुई पट्ट्याच्या रेषेतच धरली तर ती संपूर्ण दिसते, पण मनगट किंचित वळले की गायब होते. एक हात प्रोबवर, दुसरा सुईवर आणि नजर तिसरीकडे, पडद्यावर: हे कसब वाचून येत नाही.

त्यासाठी ‘फँटम’, म्हणजे सरावासाठीचा कृत्रिम नमुना, वापरतात. बाजारात मिळणारे सिलिकोनचे धड महाग असते, पण जिलेटिनच्या घट्ट वडीत पाणी भरलेल्या मऊ रबरी नळ्या बसवूनही काम भागते. नुसते जिलेटिन पडद्यावर काळेभोर दिसते. त्यात इसबगोल मिसळले की मांसासारखा करडा, दाणेदार पोत येतो आणि नळीही वरून दिसत नाही. सुईच्या वाटा आत उरतात, तेव्हा वडी वितळवून पुन्हा ओतायची.

नुसत्या सरावापेक्षा त्यानंतरची परीक्षा महत्त्वाची. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात रेसिडेंट डॉक्टरांना हात धुण्यापासून नळी पक्की करण्यापर्यंतची प्रत्येक पायरी सिम्युलेटरवर करून दाखवावी लागे. ठरलेले गुण मिळेपर्यंत सराव सुरूच. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार असे डॉक्टर कमी वेळा सुई टोचत आणि त्यांच्या हातून धमनीला भोकही कमी पडे. तिथल्या एका अतिदक्षता विभागात नळीमुळे होणारा रक्तातला जंतुसंसर्ग दर हजार नळी-दिवसांमागे ३.२ वरून ०.५ वर आला. निर्जंतुकीकरणाच्या पायऱ्याही तितक्याच काटेकोरपणे घोटवून घेतल्याचे हे फळ.

फँटमच्या मर्यादा उघड आहेत. तो धापा टाकत नाही, हलत नाही, आणि शरीरातले पाणी कमी झाल्यावर शीर कशी मिटते ते दाखवत नाही. त्यामुळे रुग्णावरच्या पहिल्या काही नळ्या अनुभवी डॉक्टरच्या देखरेखीखालीच टाकायला हव्यात. पण जिलेटिन, इसबगोल आणि रबरी नळी कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवाक्यातली आहे. रुग्णाच्या मानेला सुई लावण्याआधी प्रत्येक रेसिडेंटने फँटमवरची अशी परीक्षा उत्तीर्ण होणे सक्तीचे करावे.