भांडी घासायला मुलांना कधी आणि कसं घ्यावं?

परदेशातल्या बहुतेक मराठी घरांत भांड्यांना मावशी येत नाहीत. डिशवॉशर असला तरी कढई, तवा, कुकर आणि कणकेची परात उरतेच. मग मूल दहा-अकरा वर्षांचं झालं की आपण फर्मान काढतो, "आजपासून भांडी तुझ्याकडे." आणि रोज रात्री वाद सुरू होतात.

गंमत म्हणजे हेच मूल दोन वर्षांचं असताना सिंकपाशी यायला हट्ट करत होतं. तेव्हा आपण म्हणायचो, "तू नको, सगळं ओलं करशील." मुलांना या कामात कधी घ्यावं, याचं उत्तर या दोन वाक्यांच्या मधे कुठेतरी हरवतं.

फेलिक्स वॉर्नेकन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००६ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी माणसाच्या हातून कपड्यांचा चिमटा पडला किंवा हात भरलेले असल्यामुळे त्याला कपाटाचं दार उघडता येईना, तर अवघ्या १८ महिन्यांची मुलंही आपण होऊन मदतीला येत होती. त्याच दोघांनी २००८ साली २० महिन्यांच्या मुलांवर प्रयोग केला. मदतीबद्दल ज्यांना खेळणं बक्षीस मिळालं, ती मुलं पुढच्या वेळी, बक्षीस न मिळालेल्या मुलांपेक्षा कमी मदत करू लागली. एवढ्यावरून मोठ्या मुलांना कामाचे पैसे देऊच नयेत असा नियम करता येणार नाही. पण मदतीची ओढ मुलांत आधीपासून असते आणि आमिषामुळे ती वाढतेच असं नाही, इतकं नक्की.

म्हणून सुरुवात लवकर करावी. दीड-दोन वर्षांच्या मुलाला स्टीलचे चमचे आणि प्लास्टिकच्या वाट्या पुसायला द्या. चार-पाच वर्षांचं मूल खाली टॉवेल पसरून, स्टुलावर उभं राहून भांडी विसळू शकतं. काम सावकाश होईल, पाणी सांडेल, काही वाट्या नंतर पुन्हा धुवाव्या लागतील. पण त्याच्यादेखत धुऊ नका. आपण केलेलं काम मोजलंच जात नाही, हे मुलांच्या लगेच लक्षात येतं.

दुसरी गोष्ट म्हणजे हुकमाबरोबर कारणही सांगा. कारण समजलेलं मूल पुढचं भांडं स्वतःच्या डोक्याने घासतं. सिंकपाशी ही कारणं दाखवायला फार काही लागत नाही.

साबण का लावायचा? ताटलीत पाणी घेऊन वर मिरपूड भुरभुरा. साबण लावलेलं बोट मधोमध टेकवलं की मिरपूड झपकन कडेला पळते. पाण्याचे रेणू एकमेकांना ओढून धरतात, त्यामुळे पृष्ठभाग ताणलेला असतो. साबणाने मधला ताण कमी होतो आणि कडेचं पाणी मिरपुडीला आपल्याकडे ओढतं. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. असे असंख्य रेणू तेलाच्या थेंबाभोवती गोळा होतात आणि तो थेंब पाण्याबरोबर वाहून जातो.

कोमट पाणी का? तूप गार पाण्यात थिजतं आणि कोमट पाण्यात पातळ होतं. पातळ झालं की साबणाला ते सुटं करणं सोपं जातं. मात्र कणकेची परात गार पाण्यात भिजवावी. गरम पाण्यात कणकेतला स्टार्च फुगतो आणि आणखी चिकट होतो.

आधी पेले, शेवटी कढई, असं का? ओशट भांडी आधी घासली तर तेल घासणीला लागतं आणि तेच पुढे पेल्यांवर पसरतं.

डब्याचा पिवळेपणा का जात नाही? हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तेलात मात्र ते सहज विरघळतं आणि तेलाबरोबर प्लास्टिकमध्ये शिरतं. डबा उन्हात ठेवला की डाग फिका होतो, कारण प्रकाशाने कर्क्युमिनचं विघटन होतं. हळदीच्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला तर ते लालसर होतं, हेही मुलांना दाखवा. पांढऱ्या सदऱ्यावरचा हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, त्यामागेही हेच अल्कलीचं कारण आहे.

सिंकपाशी सुरू झालेलं कुतूहल कुठवर जाऊ शकतं, याचं एक खरं उदाहरण आहे. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावात राहणाऱ्या आग्नेस पॉकेल्स यांना मुलगी म्हणून विद्यापीठात जाता आलं नाही. आजारी आईवडिलांची शुश्रूषा आणि घरकाम त्यांच्याकडे होतं. त्या काळात त्यांनी पाण्याच्या पृष्ठभागावर तेलकट, साबणकट पदार्थांचा काय परिणाम होतो, हे घरीच बनवलेल्या उपकरणाने मोजलं. १८९१ साली त्यांनी लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिलं. रॅले यांनी ते 'नेचर'कडे पाठवलं आणि तिथे ते छापून आलं. पृष्ठभागांच्या अभ्यासातली पुढची बरीच उपकरणं त्यांच्या त्या उपकरणाच्या धर्तीवर बनली.

मात्र काही गोष्टी सांभाळायलाच हव्यात. डिशवॉशरच्या रंगीत कॅप्सूल लहान मुलांना गोळ्या-चॉकलेटसारख्या दिसतात. त्यातलं द्रव्य डोळ्यांना, तोंडाला आणि घशाला गंभीर इजा करू शकतं, म्हणून त्या कुलपात किंवा उंचावर ठेवा. सुऱ्या फेसाच्या पाण्यात बुडवून ठेवू नका, कारण त्या दिसत नाहीत. अमेरिकेत पाणी तापवण्याच्या टाकीचं तापमान ४९ अंश सेल्सिअस, म्हणजे १२० अंश फॅरनहाइटपर्यंतच ठेवावं अशी शिफारस आहे. ६० अंशांच्या पाण्याने मुलाची नाजूक त्वचा काही सेकंदांतच भाजते.

घरात दोन वर्षांचं मूल असेल, तर आज रात्री त्याच्या हातात एक कोरडं फडकं आणि चार चमचे द्या. दहा वर्षांचं असेल, तर भांडी त्याच्यावर सोपवून निघून जाऊ नका. तुम्ही घासा, त्याला विसळू दे, आणि "असं का?" हा प्रश्न त्याला विचारू द्या.