स्थिर सायकलीचे अर्थकारण

अंधेरी-कुर्ला रस्त्यावर साकीनाक्याच्या गर्दीत सायकल चालविणे जिवावरचे आहे. साहजिकच उपनगरांतील नोकरदाराला बंद खोलीतील, एका जागी खिळलेली सायकल पैसे मोजून चालवावीशी वाटते. संगीताच्या तालावर, शिक्षकाच्या हुकमाबरहुकूम चालणाऱ्या या वर्गांचा व्यवसाय मात्र दिसतो तितका सुलभ नाही.

वर्ग भरो वा न भरो, जागेचे भाडे, सायकली व वातानुकूलन यांचा खर्च अटळच. सकाळी सातच्या वर्गात रिकामी राहिलेली सायकल सायंकाळी विकता येत नाही. मग तूट भरून काढण्याचा सोपा मार्ग म्हणजे शिक्षकाला वर्गामागे अल्प मोबदला देऊन अधिक वर्ग घ्यावयास लावणे. खरा प्रश्न येथेच उद्भवतो. बॉमोल व बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली दाखवून दिले, की रंगमंचीय कलांत श्रमाची उत्पादकता कारखान्याप्रमाणे वाढविता येत नाही. व्यायामशिक्षकाचेही तसेच आहे. पाऊण तासाचा वर्ग पाऊण तासच चालणार. आणि पायडल मारीत ओरडून शिकविणाऱ्याचे गुडघे व गळा झिजणार.

२२ सप्टेंबर २०२५ पासून व्यायामशाळांच्या सेवेवरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. परंतु भाड्यावर भरलेल्या कराची वजावट त्याबरोबरच गेली. अर्थात, प्रत्यक्ष सवलत तेवढी मोठी नाही. तरीही जी काही बचत होईल, तिचा काही भाग शिक्षकाच्या नियमित वेतनाकडे व विश्रांतीकडे वळविणे अगत्याचे आहे. शिक्षक थकला, की ग्राहकही पाठ फिरवितो, हे चालकांनी ध्यानी घ्यावे.