फटफटीच्या पुढील कांचेची दुरुस्ती

जुन्या फटफटीवर वारा अडविण्यासाठीं जी कांच असते, ती बहुधा ॲक्रिलिकची असते. तापल्यावर हा पदार्थ लोखंडाच्या सुमारें सहापट प्रसरण पावतो. वऱ्हाडांत पारा ४५ अंशांवर गेला कीं, करकचून आवळलेल्या स्क्रूपाशींच ती तडकते.

तड्याच्या अगदीं टोकास, मागें लाकडाचा आधार देऊन, ३ मिलिमीटरचें छिद्र हळू पाडावें, म्हणजे तडा सहसा पुढें सरकत नाहीं. स्क्रूचीं छिद्रें थोडीं सैल करून दोहों बाजूंस रबराच्या चकत्या घालाव्या, व स्क्रू बेतानेंच आवळावा. पेट्रोलनें कांच पुसण्याची चाल आम्हीं पुष्कळ ठिकाणीं पाहिली. तिनें कांच फुटीर होते. साबणाचें पाणी पुरे.

तडा दृष्टीच्या आड येत असल्यास मात्र काटकसर न करितां नवीच कांच घ्यावी. बसविल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून ती कोठें अडत नाहीं, हें निघण्यापूर्वीं पाहावें.