नाव न विचारणारे दार

पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये बालहत्याप्रतिबंधक गृह काढले, त्यामागे काशीबाई नावाच्या तरुण विधवेची हकिकत होती. फुल्यांच्या एका स्नेह्याकडे ती स्वयंपाकाला होती. दिवस गेले, ज्याच्यापासून गेले त्याने हात वर केले, आणि जन्मलेले मूल मारल्याबद्दल तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यानंतर ब्राह्मणवस्तीतल्या भिंतींवर जाहिराती लागल्या: गुपचूप या आणि सुखरूप बाळंत व्हा. मूल न्यायचे की तिथेच ठेवायचे, हे बाईच्या मर्जीवर होते.

डिसेंबर १८८४ मध्ये जोतिरावांनी समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांच्या टिपणांवर मत देताना या घराचा हिशेब सांगितला. पस्तीस गरोदर विधवा तिथे बाळंत झाल्या होत्या, मुले मात्र पाचच जगली होती. बाकीची का गेली याचे त्यांनी दिलेले कारण वाचताना आजही हात थांबतो: गर्भ लपवण्यासाठी आयांनी घेतलेल्या विषारी औषधांनी ती पोटातच दुखावली होती. लाजेची भीती थेट गर्भापर्यंत पोचते, हे फुल्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. अशाच एका विधवेच्या मुलाला, यशवंतला, त्यांनी दत्तक घेतले. तो पुढे डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगमध्ये त्याच्याच दवाखान्यासाठी राबताना सावित्रीबाई गेल्या.

या कामाची परंपरा पंढरपूरच्या १८७५ मधील अनाथ बालकाश्रमापासून अनेक ठिकाणी चालू राहिली. सरकार आणि न्यायालय यांना मात्र मुलीचे मन कळायला फार वेळ लागला. मार्च १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलिस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केला नाही, म्हणजे विरोध नव्हता, असा न्यायालयाचा युक्तिवाद. भीतीने माणूस दगडासारखा थिजतो, जीभ टाळूला चिकटते, हे त्या निकालाच्या गणतीतच नव्हते. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला.

खरा फरक पुढे दवाखान्यांत पडला. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने २००० च्या सुमारास ‘दिलासा’ केंद्र सुरू केले. मारहाण झालेल्या बाईला पोलिस ठाण्याआधी केसपेपरच्या रांगेत गाठायचे, बाजूला बसवून तिचे ऐकायचे, ही त्यामागची साधी आणि मोठी कल्पना. तपासणी करण्याआधी काय करणार ते सांगायचे, ती ‘नको’ म्हणाली तर थांबायचे, पण उपचार थांबवायचे नाहीत: २०१४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनी हीच रीत देशभरासाठी लिहून काढली.

मधल्या काळात, १४ नोव्हेंबर २०१२ ला, लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांना संरक्षण देणारा ‘पोक्सो’ कायदा लागू झाला. जबाब घेताना पोलिसांनी गणवेश घालू नये, मुलीला आरोपीसमोर उभे करू नये, साक्षीला पुन्हा पुन्हा बोलावू नये, ही त्यातली कलमे जखम ओळखून लिहिलेली आहेत. पण संमतीचे वय सोळावरून अठरा झाले आणि गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे प्रत्येकावर बंधनकारक झाले. प्रेमातून दिवस गेलेली सतरा वर्षांची मुलगी डॉक्टरकडे गेली की तिच्या मित्रावर गुन्हा दाखल होणार. मग ती दवाखाना टाळते आणि कुठल्या तरी गोळ्यांच्या मागे लागते. १८८४ च्या त्या हिशेबातली भीती इथे मला पुन्हा दिसते.

२९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने ही कोंडी थोडी फोडली. अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केली तर गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचे नाव-गाव उघड करण्याची गरज नाही, असे त्या निकालात आहे. माझ्या मते अलीकडच्या दशकांतला हा सर्वांत मोलाचा दिलासा. पालकाची लेखी संमती मात्र अजूनही लागते. ज्या पालकांना कळेल म्हणूनच मुलगी घाबरली आहे, त्यांचीच सही!

लग्न झालेल्या मुलींची अडचण तर वेगळीच. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या ७.६ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. बीडकडे ऊसतोडीला जोडप्याला ‘कोयता’ म्हणतात, उचल मिळते ती जोडप्याला, आणि मुलीला एकटी मागे ठेवायचा धोकाही आईबापांना नको असतो. म्हणून लग्न लवकर उरकते. अशी मुलगी तपासणीला आली की वय एकोणीस सांगते, कारण खरे सांगितले तर नवऱ्यावर खटला. पण सोळा वर्षांच्या अंगावरचे बाळंतपण जोखमीचे असते, आणि डॉक्टरला आधी तेच कळायला हवे: तिचे खरे वय, वजन, रक्त, आणि घरी तिला कोणी मारते का. हे ती निर्धास्त सांगू शकेल अशी वाट कायद्यात अजून नाही.