बिनतारी इंटरनेट आणि खेड्यातील वखार

आपल्या सभासदांपैकी कित्येकांच्या पेढ्या शहरात असल्या, तरी माल जमतो तो खेड्यात. काजू, मिरची, भुसार यांची वखार बहुधा हमरस्त्यापासून आत, शेताच्या बांधाला लागून असते. पूर्वी तेथे तराजू, खतावणी आणि विश्वासू दिवाणजी एवढे असले की भागत असे. १ जुलै २०१७ रोजी जी.एस.टी. आला, १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालास ई-वे बिल लागू झाले. ५०,००० रुपयांवरील माल त्यावाचून हलविता येईना. आमच्या सीमाभागात तर पाच कोसांवर राज्य बदलते! वखारीत इंटरनेट नसेल, तर भरलेला ट्रक दारातच उभा राहण्याची पाळी येते.

ऑप्टिकल फायबर उत्तम खरे. पण एका वखारीसाठी दोन-तीन किलोमीटर चर खणणे कोणास परवडणार? ही शेवटची मजल 'फिक्स्ड वायरलेस' पद्धतीने गाठतात. मनोऱ्यावरील अँटेना लहरी सोडते, आणि ग्राहकाच्या छपरावर पक्की बसविलेली, ताटाएवढी अँटेना त्या टिपते. तेथून एक केबल राऊटरकडे उतरते. त्याच केबलमधून अँटेनास वीजही पोहोचते. मोबाइलमध्ये एक टोक फिरते असते. येथे दोन्ही टोके स्थिर, म्हणून परस्परांवर नेम धरता येतो. सरकारने २००५ साली २.४ गिगाहर्ट्झचा, व २०१८ साली ५ गिगाहर्ट्झच्या परिसरातील ६०५ मेगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला; त्यामुळे तालुक्याच्या गावचा लहान सेवादारही हे काम करू शकतो. मोठ्या कंपन्यांची ५-जी वरील अशी सेवा २०२३ साली निघाली, ती मात्र प्रथम महानगरांत.

नेम धरणे हीच यातील मेख. खानापूर तालुक्यातील एका स्नेह्यांनी चैत्रात जोड घेतली. मनोरा तीन किलोमीटरवर, स्पष्ट दिसणारा, वेगही उत्तम. आषाढात पाहावे तो जोड दर घटकेस तुटे. सेवादार म्हणे राऊटर बदला. त्यांनी बिचाऱ्यांनी तोही बदलला! वस्तुतः चैत्रात निष्पर्ण असलेले मधले सागवान पावसाने पालवले होते, आणि ओले पान लहरी शोषून घेते. शिवाय लहरींस सुतासारखी सरळ रेषा पुरत नाही. ५.८ गिगाहर्ट्झवर तीन किलोमीटरच्या अंतरात त्यांचा मार्ग मध्यावर सुमारे ६ मीटर त्रिज्येइतका फुगतो, आणि त्याचा बहुतेक भाग मोकळा असावा लागतो. केवळ मनोरा डोळ्यांस दिसला म्हणून भागत नाही. कमी कंपनसंख्येच्या लहरी झाडीतून अधिक सहज जातात. म्हणूनच मुंबईच्या आय.आय.टी.ने पालघर जिल्ह्यातील सात गावांत दूरचित्रवाणीच्या रिकाम्या पट्ट्यावर प्रयोग केला होता.

पैसे भरण्यापूर्वी सेवादारास विचारावे, की एका अँटेनावर किती ग्राहक जोडले आहेत. वेग सर्वांत वाटला जातो, आणि सायंकाळी त्याची प्रचीती येते. मनोऱ्यावर बॅटरी आहे काय, हेही विचारावे. आपल्या वखारीत इन्व्हर्टर असून मनोराच अंधारात असला, तर त्याचा उपयोग काय?

आमच्या स्नेह्यांनी अखेर छपरावर उंच लोखंडी खांब उभारला, तिन्ही बाजूंनी ताण दिले, आणि विजेच्या भयास्तव त्यास जमिनीत अर्थिंगही करविले. श्रावणापासून त्यांचे ट्रक वेळेवर सुटू लागले.