धोप्यापासून सापकांद्यापर्यंत

नागपूरच्या भाजीबाजारातला धोपा म्हणजे पुण्या-मुंबईचे अळू. अळू, सुरण, शेवळ, सापकांदा ही सगळी सुरण कुळातली भावंडे. जगभरात या कुळाच्या साडेतीन हजारांहून जास्त जाती आहेत. मधोमध मांसल दांडा, त्यावर दाटीने बसलेली बारीक फुले आणि भोवती एकच मोठे आवरण, म्हणजे महाछद, ही त्यांची खूण.

नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर. उन्हाळा कडक, म्हणून धोपा सांडपाण्याच्या कडेला किंवा पाणी मिळणाऱ्या वाफ्यातच तग धरतो. रानातले भाऊबंद कोरडे महिने कंदाच्या रूपाने जमिनीत काढतात.

उंचीप्रमाणे मंडळी कशी बदलतात ते सह्याद्रीत नीट दिसते. कोकणच्या पायथ्याशी पहिल्या पावसाबरोबर शेवळ उगवते, तेही पानाआधी फुलोरा घेऊन. कोवळे असतानाच ते खुडून भाजी करतात आणि सोबत काकडाची आंबट फळे घालतात. कारण या कुळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि ते घशाला खाजवतात. अळूच्या फतफत्यात चिंच पडते तीही त्याचसाठी. घाटात वर चढले की झाडांच्या शेवाळलेल्या फांद्यांवर रुखाळू दिसते. मातीची गरज नसलेले हे अळू!

महाबळेश्वरला, १,३५० मीटरच्या आसपास, सापकांद्याचे राज्य. त्याचा महाछद नागाच्या फण्यासारखा. कंद लहान असेल तर झाड नर, पोसला की मादी. आणि एखादे वर्ष वाईट गेले तर पुन्हा नर. नर फुलोऱ्याच्या तळाशी फट असते, आत शिरलेले चिलट परागकण घेऊन निसटते. मादी फुलोऱ्याला फट नाही. परागण होते, चिलट मात्र आतच मरते.

दर हजार मीटरला हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते, पण खरा फरक पाडतात पाऊस आणि धुके. विदर्भातले, सातपुड्यावरचे चिखलदरा उंचीने फारसे कमी नाही, सुमारे १,१०० मीटर. तिथे वर्षाला साधारण दीड हजार मिलिमीटर पाऊस, तर महाबळेश्वरला साडेपाच हजारांवर. त्यामुळे सह्याद्रीतली गर्दी सातपुड्यात नाही. पावसाळा सरला की सापकांद्याची मक्याच्या कणसासारखी लाल फळे तेवढी मागे उरतात. त्याचा कंद पुढच्या जूनपर्यंत जमिनीत पडून असतो.